६३ मिनिटांचं एकच गाणं: 'डोपस्मोकर' तुम्हाला कसं वाटलं?

कातळसडा

मंडळी, गेल्या अडीच महिन्यांत एक अल्बम मी सात वेळा अथपासून इतिपर्यंत ऐकला. स्लीप या बँडचा 'डोपस्मोकर'. अल्बम म्हणजे मुळात एकच गाणं, ६३ मिनिटांचं. ज्यांचं स्टोनर आणि डूमशी, म्हणजे मेटलच्या या संथ, जड प्रकारांशी, जुनं नातं आहे त्यांना यात नवल नाही. पण आपल्या किनाऱ्यावर या संगीताबद्दल मराठीत बोलायला माणूस सापडत नाही, म्हणून धागा काढतोय. ऐकलं असेल तर काय वाटलं ते लिहा. नसेल तर ऐकून लिहा. न आवडलेल्यांनी तर नक्की लिहा.

आधी माझं सांगतो. कामासाठी दर आठवड्याला चिपळूण ते रत्नागिरी रेल्वेनं जावं लागतं. जूनचा शेवट होता, पावसानं खिडक्या बंद. सावर्डं सुटल्यावर मी हेडफोन लावले. पहिली आठेक मिनिटं माणसाचा आवाजच नाही. एक गिटार, एक बास, एक ड्रमर. गिटार आणि बास तोच तुकडा वाजवतायत, आणि इतका सावकाश की दोन सुरांच्या मधे बाहेरची एखादी वाडी मागे पडावी. मला वाटत राहिलं, आता सुरू होईल, आता वेग घेईल. आरवली गेलं, कडवई गेलं, तुकडा तोच.

संगमेश्वरला गाडी क्रॉसिंगला थांबली. समोरच्या बाकावरच्या आजींनी डबा उघडला, घावन आणि लसणीची चटणी. मलाही अर्धं दिलं. गाडी उभी, पाऊस चालू, गाणं चालू. घावन खाता खाता लक्षात आलं की गाणं कुठे पोचणार याची वाट बघणं मी कधीच सोडून दिलंय. त्या रिफच्या, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या त्या तुकड्याच्या आत मी नुसता बसलो होतो. खरं सांगतो, इतकं शांत मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि कानात तर जगातलं सगळ्यात जड संगीत चाललं होतं.

उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. आत शिरताना कानांना दडे बसतात, गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. त्या वेळी बास कुठे संपतोय आणि बोगदा कुठे सुरू होतोय हे मला कळेना. भोके स्टेशन आलं तेव्हा गाणं संपलेलं होतं आणि मी हेडफोन काढायचे विसरलो होतो.

आता तुम्ही बोला.

उधाण

अखेर कुणीतरी हा विषय काढला! मी पंधरा वर्षांपासून स्लीप ऐकतोय. नवीन वाचकांसाठी थोडा इतिहास.

बँड कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेचा. अल सिस्नेरोस बास आणि गायन, मॅट पाइक गिटार, ख्रिस हॅकियस ड्रम. १९९२ च्या 'होली माउंटन'नं त्यांचं नाव झालं. मग लंडन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीनं करार केला, पैसे दिले, आणि या तिघांनी त्यांच्या हातात तासाभराचं एकच गाणं ठेवलं. ध्वनिमुद्रण १९९६ चं, निर्माता बिली अँडरसन. एवढं गाणं टेपच्या एका रिळात मावणारं नव्हतं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी वाजवून जोडलं. कंपनीनं ते आहे तसं काढायला नकार दिला. त्या ओढाताणीत बँडच मोडला.

१९९९ मध्ये त्याची ५२ मिनिटांची आवृत्ती 'जेरुसलेम' या नावानं आली, आणि २००३ मध्ये टी पी रेकॉर्ड्सनं 'डोपस्मोकर' काढला, तो ६३ मिनिटांचा. कातळसडा, तुम्ही ऐकलात तो हाच. माझं मत विचाराल तर 'जेरुसलेम' ऐकूच नका. अकरा मिनिटांचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण या गाण्यातून अकरा मिनिटं काढणं म्हणजे रहाटाच्या माळेतले चार पोहरे काढण्यासारखं आहे.

बँड मोडल्यावर पाइकनं हाय ऑन फायर काढला, सिस्नेरोस आणि हॅकियसनं ओम. दोन्ही ऐका. ओम तर तुम्हाला फार जवळचा वाटेल, तिथे गिटारच नव्हती सुरुवातीला. बास, ड्रम आणि मंत्रासारखं गाणं.

विलंबित

न आवडलेल्यांनी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. चौदा मिनिटं ऐकलं आणि बंद केलं.

मी गुहागरचा, लहानपणापासून शास्त्रीय संगीत ऐकत आलोय. सावकाश चालण्याचं मला वावडं नाही, माझं नावच बघा. विलंबित ख्यालात पहिल्या आवर्तनाला गायक षड्जाभोवती असतो, दहा मिनिटांनी तो कुठल्या कुठे गेलेला असतो. एकेक सूर उलगडत नेतात. सावकाश जायचं ते त्या उलगडण्यासाठी. इथे उलगडतं काय? पहिल्या मिनिटाला जे होतं तेच चौदाव्या मिनिटाला. विस्तार नाही, फक्त लांबी आहे. तासभर तेच तेच वाजवायला हिंमत लागत असेल, पण हिंमत म्हणजे कला नव्हे.

कुणाचा अपमान करायचा नाही. मला खरोखर समजून घ्यायचंय.

हर्णै_बंदर

मी जुलैत ऐकलेलं. आमची १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. बोट शाकारलेली, दिवसभर जाळी दुरुस्त करायचं काम. जाळं मांडीवर घेऊन बसलं की हात आपोआप चालतात, डोकं रिकामं असतं. चुलतभावानं हे लावून दिलं.

मला पहिल्यांदा ओळखीचं काय वाटलं सांगू? इंजिन. आमच्या ट्रॉलरचं सहा सिलिंडरचं इंजिन रात्रभर एका लयीत चालतं, आणि खोल पाण्यात गेल्यावर ते ऐकू येईनासं होतं. बंद पडलं तरच माणूस दचकून उठतो. हे गाणं संपलं तेव्हा मी तसाच दचकलो. हातातली सुई थांबली.

विलंबित काका, विस्तार नाही हे बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही. पण समुद्रालाही विस्तार नाही. लाटा तेवढ्याच. बघत मात्र बसतो आपण.

पखवाज_कुडाळ

विलंबित यांचा प्रश्न फार चांगला आहे आणि त्याला घाईनं उत्तर देणं बरं नव्हे, म्हणून दोन दिवस घेतले. काल पुन्हा पूर्ण ऐकलं, मांडीवर ठेका धरून.

मी भजनात पखवाज वाजवतो. डबलबारीला साथ करतो. डबलबारीत गजर असा बांधतात की तो चढत जातो. बुवा सुरुवात करतात, कोरस उचलतो, झांज तापते, आणि शेवटच्या काही मिनिटांत मंडपातली माणसं उभी राहतात. आमच्या हातांना तीच सवय. त्यामुळे पहिल्या वेळी मीसुद्धा हे वीस मिनिटांत सोडलं होतं, कारण माझे हात चढण्याची वाट बघत होते.

मग मला सप्ताह आठवला. आमच्या गावात श्रावणात हरिनाम सप्ताह असतो. सात दिवस, रात्र नाही दिवस नाही, एकच नाम. वाडीवाडीला पार, म्हणजे पाळ्या, वाटून दिलेले. आमच्या वाडीला पहाटेचा पार येतो. वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून काढली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. त्या पारात पहिला अर्धा तास झोपेचा, त्यानंतरचा अर्धा तास कंटाळ्याचा. समईची वात बघत राहायचं, कोणाचा सूर लागलाय, कोणाचा घसा बसलाय हे मोजत राहायचं. आणि मग कधीतरी, रोज नाही, एखाद्याच पहाटे, नाम आपण म्हणतोय असं वाटेनासं होतं. ते चालूच असतं. आपण त्यात येऊन उभे राहिलेलो असतो. सप्ताहातल्या नामाला कोणी विचारत नाही की विस्तार कुठे आहे.

दुसरी गोष्ट हातांची. तुम्ही म्हणता चौदाव्या मिनिटाला तेच आहे. मीही तसंच समजत होतो. मांडीवर ठेका धरला आणि तीन ठिकाणी चुकलो. तेच असतं तर चुकलो नसतो. ड्रमर ठेका सोडत नाही, पण भरणा बदलत राहतो. जिथे ठोका पडेल असं वाटतं तिथून तो केसभर मागे येतो, झांज आधी वाजून विरायला लागते आणि मग ठोका. तुमच्या विलंबित एकतालात तबलजी दोन मात्रांच्या मधली जागा कशी भरतो ते तुम्ही ऐकता ना? इथे तसंच कान लावून ऐका. सूर हलत नाही, वजन हलतं.

एक मात्र स्पष्ट लिहितो. नाम ते नाम. त्यात भाव आहे, सात पिढ्यांची श्रद्धा आहे. मी दोन्ही एका पारड्यात ठेवत नाही. ऐकण्याची रीत सारखी आहे, एवढंच.

मालवणी_झील

आमच्याकडे आवशीन आयकलां. मी पडवेत स्पीकर लावन बसलेलंय. ती भायर इली नि म्हणाली, "रे, ह्यां कसलां गाणां? कोणाची बोट बंदरात शिरता काय?" मी म्हटलंय, "नाय गे, गाणांच हा ता." मगे ती थयच भाजी चिरीत बसली. अर्ध्या तासान मी बंद करूक उठलंय तर म्हणता कशी, "ऱ्हवांदे. आता सवय झाली. बंद केलंस तर घर मोकळां वाटतलां."

माका पण तसांच वाटता. ह्याच्यापेक्षा बरां मी काय सांगूचंय.

कातळसडा

मालवणी_झील, तुमच्या आईंचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पखवाज दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला.

सुरंगी

मी या संगीतातली नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, तो हे ऐकतो, म्हणून धागा उघडला. गाण्याच्या नावापासून सगळा गांजाचाच विषय दिसतो. 'स्टोनर' म्हणजे काय तेही मी आता शोधून पाहिलं. आमच्या गावात गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर काय काय येऊ लागलंय ते मी रोज बघते. तुम्ही सगळे इतक्या प्रेमानं लिहिताय, पण आईच्या जागेवरून मला हे खटकतं. मुलाला काय सांगू?

कातळसडा

सुरंगीताई, तुमची काळजी रास्त आहे, आणि ती उडवून लावणाऱ्यातला मी नाही. गाण्याचे शब्द त्याच विषयाचे आहेत. वाळवंटातून नाझरेथकडे निघालेला एक तांडा आहे, आणि त्या तांड्याचा धर्मच गांजा आहे. ते लपवून मी हे गाणं कुणाच्या गळ्यात मारणार नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मी सुपारीही खात नाही. हे संगीत ऐकायला नशेची गरज पडत नाही, आणि या धाग्यावर जाळी विणणारे, पखवाज वाजवणारे आणि भाजी चिरणाऱ्या आई लिहिताहेत, त्यावरून तुम्हालाही ते दिसेल.

मुलाला सांगायला एक गोष्ट देतो, कारण या संगीताचा जडपणा आला कुठून ते त्यात आहे. बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा, गिटार वाजवणारा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याच्या कारखान्यातल्या मुकादमानं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं, या वादकाची दोन बोटं आगीत निकामी झालीत. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. पुढे तारा दाबताना कमी त्रास व्हावा म्हणून त्यानं त्या सैल केल्या, दीड सूर खाली उतरवल्या. त्याच्या ब्लॅक सॅबाथ या बँडचा १९७१ चा 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ऐका, त्यात तो उतरलेला सूर आहे. स्लीप, कायस, इंग्लंडचा इलेक्ट्रिक विझार्ड, हे सगळे बँड त्याच झाडाच्या फांद्या. एका कामगार पोराच्या दुखऱ्या बोटांतून हा आवाज आलाय. तुमच्या मुलाच्या कानाला बहुधा हीच गोष्ट लागली असेल.

आणि त्याच्याबरोबर बसून एकदा ऐका. तो नाही म्हणणार नाही.

साउंडवाला_लांजा

सगळ्यांचं वाचलं. मी मंडपाचं साउंड करतो, त्यामुळे माझं बोलणं स्पीकरच्या डब्यांपासून सुरू होणार.

विलंबित, तुम्ही कशावर ऐकलंत? मोबाइलवर ऐकलं असेल तर तुम्ही हे गाणं ऐकलेलंच नाही. बासची सगळ्यात जाड तार नेहमी ४१ हर्ट्झला लावतात. ती ई या सुरावरून सी पर्यंत उतरवली की ३३ च्या आसपास येते. मोबाइलचा इवलासा स्पीकर दीडदोनशेच्या खाली जवळजवळ काही देत नाही. मग सूर कळतो कसा? वरचे सूर कानावर पडतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालचा सूर भरून काढतो. पण मेंदू सूर भरतो, धक्का भरू शकत नाही. सूर कळतो, वजन पोचत नाही. जेवणाचा वास घेऊन उठल्यासारखं आहे ते.

दुसरं. ३३ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी दहा मीटरच्या वर जाते. आपल्या कौलारू घराची एखादी खोली त्याहून लहान असते. त्या खोलीत तो सूर कुठे डबल होतो, कुठे गायब होतो. दोन पावलं इकडे सरका, गाणं बदलेल. म्हणून हे संगीत मोठ्या जागेत नाहीतर उघड्यावरच खरं लागतं. या लोकांनी मॅटॅम्पचे भलेमोठे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर वापरले, ते उगाच नाही. व्हॉल्व्हला क्षमतेपलीकडे ढकललं की आवाज नुसता फाटत नाही, मूळ सुराच्या वर त्याची पिल्लावळ उभी राहते. गिटार आणि बास एकच तुकडा वाजवतात आणि तरी भिंत उभी राहिल्यासारखं वाटतं, ते या पिल्लावळीमुळे.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. आपल्याकडे अर्थिंग धड नसलं की स्पीकरमधून जी गुणगुण येते ती ५० हर्ट्झची. म्हणजे जी या सुराच्या किंचित वर. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथली गुणगुण बी फ्लॅट आणि बी यांच्या मधे कुठेतरी. मी वीस वर्षं त्या गुणगुणीशी भांडत आलोय. हे गाणं ऐकल्यापासून रात्री सामान बंद करताना ती थोडा वेळ तशीच ऐकतो.

सुपारीची_वाडी

साउंडवाला, तुमचं गुणगुणीचं वाचून राहवलं नाही. मी श्रीवर्धनचा.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या मोडल्या. आजोबांनी लावलेलं एक झाड उभं राहिलं नाही. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. आळीत मिळून एक जनरेटर भाड्यानं आणला. संध्याकाळी दोन तास चालवायचा, पंपानं पाणी चढवायचं, सगळ्यांचे मोबाइल एका खाटेवर मांडून चार्ज करायचे. तिथे लक्ष ठेवायची पाळी माझी असायची.

त्या दिवसांत माझ्या मोबाइलमध्ये उतरवलेला एकच अल्बम होता, कायसचा 'वेलकम टू स्काय व्हॅली', १९९४ चा. हा बँड कॅलिफोर्नियातल्या पाम डेझर्टचा. त्यांच्या गावात वाजवायला जागा नव्हती, म्हणून ही मुलं वाळवंटात जनरेटर नेऊन रात्री वाजवायची. त्यांच्यातला जॉश होमी गिटार बासच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा. हे सगळं मी वादळाच्या खूप आधी वाचलं होतं. पण जनरेटरच्या शेजारी, डिझेलच्या वासात, मोडलेल्या वाडीकडे तोंड करून बसलो तेव्हा तो आवाज पहिल्यांदा कळला. त्यांच्या गाण्यात वाळवंट आहे असं सगळे म्हणतात. मला तर त्यात जनरेटर ऐकू येतो. मागे काहीतरी धडधडत राहतं आणि त्याच्या जिवावर गाणं उभं असतं.

त्या अल्बमच्या मूळ सीडीवर गाणी सुटी नव्हती, तीन लांब भागांत जोडलेली होती. मधलं एक उचलून ऐकायची सोय नाही. तेव्हा मला ते फार बरं वाटलं. पुढचं बटण दाबायची ताकदही नव्हती.

आता नवीन रोपं लावलीत. गुडघ्याच्या वर आलीत.

उधाण

सुपारीची_वाडी, काय लिहू कळत नाही. रोपं जोमानं वाढोत.

परगावी

मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या बेंगळुरूत. इथला बेवार सी नावाचा स्टोनर डूम बँड आहे, २०१२ मध्ये पहिला अल्बम आला. नावात श्लेष आहे, कन्नडमध्ये 'बेवार्सी' म्हणजे आपलं बेवारशीच. या संगीताला आपल्या देशात माणसं आहेत, हे सांगायला लिहिलं. किनाऱ्यावरही कोणीतरी तीन पोरं जमवा. भजनातले पखवाजवाले आहेतच.

सुरंगी

काल मुलाबरोबर बसून वीस मिनिटं ऐकलं. माझं डोकं दुखायला लागलं म्हणून थांबले, पण एक सांगते. त्या आयोमीची गोष्ट त्याला आधीपासून माहीत होती. मला कधी सांगितली नव्हती. काल सांगितली, हातवारे करून, पंधरा मिनिटं. आमच्यात इतकं बोलणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. गांजाचं माझं मत बदललेलं नाही, ते त्यालाही सांगितलं. त्यानं मान हलवली.

साउंडवाला_लांजा

एक विचार आहे. गणपती झाले, नवरात्राची कामं अजून लागायचीत, पितृपक्षात साउंडला काम नसतं. माझ्या गोदामात बेसचे अठरा इंची डबे नुसते उभे आहेत. येत्या रविवारी सकाळी दहाला लावतो. दिवसाढवळ्या, शेजारी कलमांची बाग आहे, कोणाला त्रास नाही. ज्यांना जमेल त्यांनी या. विलंबित, तुम्ही तर याच. पूर्ण ऐका, मग म्हणा विस्तार नाही. मी वाद घालणार नाही. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

पखवाज_कुडाळ

मी येतो. पखवाज आणू का? साथ नाही करणार, फक्त जवळ असला तर बरं वाटतं.

हर्णै_बंदर

आता बोट समुद्रात आहे. माझा नंबर लागणार नाही. कोणीतरी सविस्तर लिहा.

कातळसडा

मी सकाळच्या गाडीनं येतो. घावन माझ्याकडे लागले.

विलंबित

रविवारी गेलो होतो. हर्णै_बंदर यांनी मागितलंय म्हणून सविस्तर लिहितो.

सात जण होतो. गोदाम म्हणजे पत्र्याची मोठी शेड, समोर लोखंडी शटर अर्धवट ओढलेलं, बाहेर पाऊस. साउंडवाल्यांनी आम्हाला डब्यांसमोर न बसवता पार मागच्या भिंतीशी बसवलं, म्हणाले तळाचा सूर इथे जमतो. गाणं सुरू झालं आणि पहिल्या दोन मिनिटांत मला कळलं की मी आधी जे ऐकलं होतं ते हे नव्हतं. ऐकू येण्याआधी ते पाठीला लागतं. पखवाज मांडीवर आडवा होता, त्याच्या धुमेवर मी सहज तळवा ठेवला. कोणी वाजवत नव्हतं आणि चामडं थरथरत होतं.

पण मला सांगायचंय ते शटरबद्दल. रिफमध्ये एक सूर असा आहे की तो आला की शटर झणझणायचं. बाकीच्या सुरांना गप्प. पहिल्यांदा मला त्याचा राग आला, म्हटलं गाण्यात खडा. मग मी त्याची वाट बघायला लागलो. रिफ फिरून आली की शटर वाजणार. आणि वाट बघता बघता लक्षात आलं की ते दर वेळी सारखं वाजत नाही. कधी नुसतं कुजबुजतं, कधी सगळ्या पट्ट्या एकदम, कधी सूर येऊन गेल्यावर मागाहून. म्हणजे वाजवणाऱ्यांचा तो एकच सूर दर फेरीला वेगळ्या वजनानं येत होता. पखवाजवाल्यांनी लिहिलं होतं तेच. माझ्या कानांनी ते मानलं नव्हतं. शटरनं दाखवलं.

मी षड्जाकडे असाच कान लावून बसतो. गायक सगळीकडे फिरून परत येतो तेव्हा षड्ज तोच असतो आणि तोच नसतो. यांनी फिरणं काढून टाकलंय आणि फक्त परत येणं ठेवलंय. मला हे आवडलं का? अजून हो म्हणवत नाही. मधली दहाबारा मिनिटं जड गेली, गिटारवाला एकटा वाजवतो ते भाग मला अजूनही कच्चे वाटतात, आणि विस्ताराशिवाय तासभर हे माझ्या तब्येतीचं गाणं नाही. पण लांबी आहे आणि विस्तार नाही, हे माझं वाक्य मी मागे घेतो.

संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग कातळसडा यांनी डबा उघडला, आणि साउंडवाले उठून सामान बंद करायला गेले. शेवटचं बटण दाबायच्या आधी ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. आम्ही पण ऐकली ती गुणगुण.